पॅटर्न, नक्षी आणि रिपीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लाकडी ठशांनी कापड छापते आणि छापायला शिकवते. त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. शब्द विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत, फक्त एकसारखे प्रश्न जोडून टाकले. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे काही माझंही डोकं खातात. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पॅटर्न, नक्षी, डिझाइन, मोटिफ… हे सगळं एकच ना?

नाही. हा घोळ निस्तरला की पुढचं निम्मं काम सोपं होतं. मोटिफ म्हणजे एक सुटी आकृती: एक पान, एक कोयरी, एक त्रिकोण. पॅटर्न म्हणजे ती आकृती कुठे, किती अंतरावर आणि कशी वळून पुन्हा येणार याचा नियम. एकाच कोयरीचे शंभर पॅटर्न होतात. उलट नियम तोच ठेवून कोयरीच्या जागी मासा बसवला तर पॅटर्न तोच राहतो. नक्षी हा शब्द आपण दोन्हींसाठी सैलपणे वापरतो, त्यात काही बिघडत नाही. डिझाइनमध्ये रंग, माप, पोत, वापर असं सगळंच येतं. आणि रिपीट म्हणजे तो सगळ्यात लहान तुकडा, जो शेजारीशेजारी ठेवत गेलं की अख्खा पृष्ठभाग भरतो.

नवशिके सगळा जीव मोटिफमध्ये ओततात. पानाच्या शिरा कोरण्यात आठवडा जातो, आणि दोन पानांमधली मोकळी जागा कशी दिसणार याचा विचार छापताना, ठसा हातात असताना सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो.

२. शिवणकामात कागदी कटिंगला पॅटर्न म्हणतात, तो हाच का?

तो वेगळा. तिथे पॅटर्न म्हणजे कापण्यासाठीचा साचा. विणकामातल्या सूचनांनाही पॅटर्न म्हणतात. या पानावर तो अर्थ घेतलेला नाही.

३. एखादी गोष्ट किती वेळा आली की तिला पॅटर्न म्हणायचं?

दोनदा आली तर जोडी. तिसऱ्यांदा आली की डोळा चौथीची वाट पाहू लागतो, आणि ती वाट पाहणं सुरू झालं की पॅटर्न सुरू झाला. आकृत्या तंतोतंत सारख्या असायलाच हव्यात असं नाही. वाट पाहायला लावण्याइतकं साम्य पुरतं.

४. पॅटर्नचे फक्त १७ प्रकार असतात असं वाचलं. हे कसं शक्य आहे?

मोटिफ अगणित असतात, नियम मोजके. सपाट पृष्ठभागावर आकृती पुन्हा आणण्याच्या हालचाली चारच: सरकवणं, फिरवणं, आरशासारखं उलटवणं आणि सरकवून उलटवणं. ही शेवटची हालचाल ओल्या वाळूतल्या पावलांसारखी असते, डावा-उजवा, डावा-उजवा. या चारांची एकमेकांशी विसंगत न होणारी जुळणी करत गेलं, तर दोन दिशांना पसरणाऱ्या पॅटर्नचे सममितीनुसार बरोबर १७ प्रकार निघतात. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फ्योदोरोव यांनी १८९१ मध्ये ते सिद्ध केलं. १९२४ मध्ये गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी स्वतंत्रपणे तीच यादी मांडली, प्रत्येक प्रकाराचं एकेक चित्र काढून. ती चित्रं डच चित्रकार एशर यांनी वहीत उतरवून घेतली आणि त्यांवरून पुढे त्यांचे ते एकमेकांत अडकलेले पक्षी-मासे आले. किनारीसारख्या एकाच दिशेने धावणाऱ्या पॅटर्नचे प्रकार याहून कमी, ७.

यादी पाठ करू नका. विणकर, गवंडी, टोपल्या विणणाऱ्या बायका हे प्रकार शतकानुशतकं यादीशिवायच वापरत आल्या आहेत. यादीचा उपयोग एकच: तुमचा हात कायम एकाच प्रकारावर जातो हे लक्षात येतं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास सगळे फक्त सरकवतात. आकृती फिरवून पाहायचं त्यांच्या मनातही येत नाही.

याच्याच शेपटीला येणारा प्रश्न: स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात सगळे १७ प्रकार आहेत का? यावर तज्ज्ञांची भांडणं आहेत. रंग धरायचे की फक्त आकार, डागडुजी केलेला भाग मोजायचा की नाही, यावर उत्तर बदलतं. एशर १९२२ आणि १९३६ मध्ये तिथे जाऊन आले आणि दुसऱ्या वेळी त्यांनी फरश्यांची चित्रं उतरवून घेतली, एवढं नक्की.

५. हाफ ड्रॉप म्हणजे काय? तो वापरायलाच हवा का?

सरळ रिपीटमध्ये तुकडे चौकटीच्या कागदासारखे बसतात. हाफ ड्रॉपमध्ये शेजारचा उभा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकतो. आडव्या ओळी एकाआड एक अर्ध्या रुंदीने सरकवल्या तर विटांची भिंत होते, त्याला ब्रिक रिपीट म्हणतात. हाफ ड्रॉपमुळे नजर तिरकी धावते, रिपीट कुठे सुरू झाला ते पटकन सापडत नाही आणि लहान तुकडाही मोठा वाटतो. म्हणून फुलापानांच्या कामात तो लोकप्रिय आहे. भौमितिक कामात बहुतेक वेळा सरळ रिपीटच बरा. तिथे लपवायचं काहीच नसतं.

फाइल छपाईला देणाऱ्यांसाठी स्वतःच्या खिशातून शिकलेला धडा. मी एकदा एकेरी तुकडा पाठवून सोबत ‘हाफ ड्रॉप’ असं लिहिलं. समोरच्याने ते वाचलं नाही आणि सरळ लावलं. उडणारे पक्षी एकावर एक खांबासारखे उभे राहिले. चूक कुणाची यावर बराच पत्रव्यवहार झाला, पक्षी मात्र तसेच राहिले. तेव्हापासून मी दुप्पट रुंदीचा तुकडा देते. त्यात दोन्ही रकाने आधीच सरकवलेले असतात, म्हणजे छापणाऱ्याने सरळ लावला तरी हाफ ड्रॉपच उमटतो. ब्रिकसाठी उंची दुप्पट करायची.

६. एक तुकडा छान दिसतो, पण पसरवला की मध्येच पांढरे पट्टे दिसतात. का?

मोटिफ भरलेले असले तरी त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा एका रेषेत आल्या की गल्ली तयार होते. डोळा फुलं सोडून त्या गल्लीतून चालायला लागतो. तुकडा एकटा पाहताना हे कधीच कळत नाही. किमान तीन बाय तीन तुकडे एकत्र लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे बारीक करून पाहा. मग कागद आडवा करून पुन्हा पाहा, कारण उभ्या गल्ल्या सवयीने सुटतात.

उपाय दोन. एक, एखादी फांदी किंवा पान तुकड्याच्या कडेवरून पलीकडे जाऊ द्या, म्हणजे सांधा कुठे ते कळत नाही. दोन, नजरेला दुसरा रस्ता द्या. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यात तरबेज होते. स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचं त्यांचं १८८३ चं कापड पाहा: पक्षी आरशातल्यासारखे समोरासमोर आहेत, म्हणजे नियम अगदी उघड आहे, तरी वेली नजरेला असं फिरवत नेतात की चौकट सापडता सापडत नाही. तेच कापड दुसऱ्या कारणासाठीही पाहण्यासारखं आहे. आधी सगळं निळीत बुडवायचं, मग जिथे दुसरा रंग हवा तिथली निळी रसायनाने उडवायची आणि त्या जागी लाल-पिवळा भरायचा. हे करता यावं म्हणून मॉरिसनी १८८१ मध्ये नदीकाठचा मर्टन अॅबीचा कारखाना घेतला होता. मोकळी जागा रिकामी सोडलेली नसते, ती कमावलेली असते, हे मी तिथून शिकले.

७. तीच नक्षी विणली, छापली, भरतकामात घेतली तर इतकी वेगळी का दिसते?

कारण प्रत्येक साधनाचा स्वतःचा एक पॅटर्न आधीच असतो आणि तुमची नक्षी त्याच्यावर बसते. मागावर ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) काटकोनात जातात, त्यामुळे गोल म्हणून काढलेलं काहीही पायऱ्यापायऱ्यांचं होतं. सुयांवरच्या विणकामात टाका उंचीपेक्षा रुंद असतो. चौकोनी घरांच्या कागदावर काढलेला गोल तिथे चपटा होतो, म्हणून त्यासाठी वेगळा आलेखकागद मिळतो. इकतमध्ये तर कापड विणण्याआधीच सूत बांधून रंगवतात. विणताना सूत किंचित इकडेतिकडे सरकतं आणि कडा पिसासारख्या फाटतात. पाटणचा पटोळा आणि बाली बेटावरच्या तेंगनान गावातलं गेरिंगसिंग यांत ताणा-बाणा दोन्ही असे आधी रंगवतात. तिथे रंग जागेवर येणं हीच सगळी कसोटी.

ठशांमध्ये एका नक्षीचे अनेक ठसे असतात: बाह्यरेषेचा रेख, जमिनीचा, म्हणजे मागच्या रंगाचा गद आणि आत रंग भरणारा दत्ता. तिन्ही एकमेकांवर केसभरही न हलता बसणं हे स्वप्न आहे, आणि ते पूर्ण झालंच तर कापड मशीनचं वाटतं. हातछपाईची ओळख त्या केसभर फरकातच असते.

म्हणून स्क्रीनवर काढलेली नक्षी ‘हातमागावर करून द्या’ असं सांगू नका. त्या साधनाला काय सोपं जातं ते आधी विचारा.

८. किनार कोपऱ्यात जुळतच नाही. काय करू?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. सरळ रेषेत पॅटर्न सगळ्यांनाच जमतो. कोपऱ्यावर नियम अडतो आणि तिथे माणसाला निर्णय घ्यावा लागतो. म्हणून कुणाचंही काम हातात आलं की मी आधी कोपरा पाहते.

पहिलं गणित: बाजूची लांबी रिपीटच्या पटीत आहे का? नसेल तर रिपीट अगदी थोडा ताणा किंवा आवळा. वीस रिपीटमध्ये वाटलेली एका सेंटिमीटरची चूक कुणाला दिसत नाही, तीच एका जागी फेकली तर सगळ्यांना दिसते. दुसरं म्हणजे वळण. कोपऱ्यासाठी वेगळा ठसा किंवा वेगळी रेखाकृती करता येते. ४५ अंशांवर कापून आरशासारखी जुळवता येते. मात्र वेल एकाच दिशेने वाहत असेल तर आरशात ती उलटते, आणि चार कोपऱ्यांपैकी दोन ठिकाणी वेली एकमेकींवर आदळतात, दोन ठिकाणी एकमेकींपासून पळतात. कोपऱ्यात एक चौकोनी फूल बसवून किनार तिथे थांबवता येते, म्हणजे वळायचा प्रश्नच मिटला. गोधड्यांमध्ये हे खूप दिसतं आणि मला ते अजिबात पळवाट वाटत नाही.

चौथा मार्ग म्हणजे काहीच न करणं. उभी किनार आडवीला जाऊन धडकते आणि तशीच थांबते. गालिच्यांमध्ये यावरून घराण्यांचा अंदाज बांधतात. शहरातल्या मोठ्या कारखान्यात आधी कागदावर पूर्ण आराखडा काढलेला असायचा, तिथे कोपरा सफाईने वळतो. गावात किंवा फिरस्त्यांच्या मागावर स्मरणातून विणलेल्या गालिच्यात बहुतेकदा तो अर्धवट फुलावर तुटतो. कोपरा तुटला म्हणून गालिचा हलका ठरत नाही. काही संग्राहक मुद्दाम तसेच शोधतात.

९. पॅटर्न म्हणजे सजावट. मग ती ‘कला’ कशी?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याला वय आहे. व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार अडॉल्फ लूस यांनी १९१० च्या सुमारास अलंकरणाला थेट गुन्हा ठरवणारं व्याख्यान दिलं. त्यांचा मुद्दा असा की सजावटीत कारागिराचे कष्ट वाया जातात आणि प्रगत माणसाला सजावट लागत नाही. ‘मागासांना लागते’ हे ओघाने आलंच. गंमत म्हणजे व्हिएन्नातल्या त्यांच्याच गाजलेल्या इमारतीचा खालचा भाग हिरवट, शिराशिरांच्या संगमरवराने मढवलेला आहे. दगडाने काढलेली नक्षी त्यांना चालत होती, माणसाने काढलेली नाही.

पुढचं अर्धं शतक हा विचार कलाशाळांमध्ये मुरला. बाउहाउस ही जर्मनीतली कलाशाळा १९१९ मध्ये सुरू झाली तेव्हा मुलींना प्रवेश होता, पण त्यांना बहुधा विणकाम विभागाकडे वळवलं जाई. अॅनी अॅल्बर्स १९२२ मध्ये तिथे गेल्या आणि अशाच मागावर पोहोचल्या. त्यांनी त्या मागाचं काय केलं ते १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एकट्या त्यांचं प्रदर्शन भरवून दाखवलं. विणकाम करणाऱ्या कलावंताला तिथे मिळालेला तो पहिला असा मान.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मिरियम शपिरो, जॉइस कोझलॉफ, व्हॅलरी जॉडन, रॉबर्ट कुशनर आणि इतरांनी उघड बंड केलं. चळवळीचं नावच ‘पॅटर्न अँड डेकोरेशन’. कोझलॉफ मेक्सिको आणि मोरोक्कोत जाऊन फरश्या नि कापडांच्या नोंदी करत होत्या. शपिरो चित्रांत हातरुमाल, लेस, कापडाचे तुकडे चिकटवत होत्या. १९७८ मध्ये जॉडन आणि कोझलॉफ यांनी एक लेख लिहिला. त्यात कलावंत-समीक्षकांनी सजावटीबद्दल काढलेले उद्गार एकापुढे एक मांडले. ते सलग वाचताना दिसतं की ‘सजावटी’, ‘बायकी’ आणि ‘परकं’ हे शब्द जवळपास एकाच अर्थाने फेकले जात होते. नंतर ही चळवळ भडक म्हणून बाजूला पडली. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने तिचा मोठा आढावा मांडला तेव्हा कुठे तिच्याकडे पुन्हा नीट पाहिलं गेलं.

माझं मत विचाराल तर प्रश्नच उलटा घालावा. ‘सजावट आहे म्हणून कला नाही’ असं म्हणणाऱ्याला विचारा, की अमूर्त चित्रातली चौकट आणि चादरीतली चौकट यांत फरक काय. उत्तर बहुधा टांगण्याच्या जागेपाशी येऊन थांबतं.

१०. हल्लीचे कलाकार पॅटर्न घेऊन नेमकं करतात काय?

चार वाटा मला ठळक दिसतात. त्या एकमेकींत मिसळतातही.

पहिली, पॅटर्न इतका वाढवायचा की माणूस त्यात हरवेल. यायोई कुसामा १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जाळ्यांची आणि ठिपक्यांची चित्रं काढत आल्या. २००२ मध्ये ब्रिस्बेनला त्यांनी एक पूर्ण पांढरी खोली केली, सामानासकट पांढरी, आणि प्रेक्षकांच्या हातात रंगीत गोल टिकल्या दिल्या. हळूहळू खुर्ची, पियानो, भिंत असं सगळं ठिपक्यांखाली नाहीसं झालं. तिथे नियम नव्हता, गर्दी होती, तरी डोळ्याला पॅटर्नच वाटतो.

दुसरी, पॅटर्नमागचा इतिहास पुढे आणायचा. यिंका शोनिबारे ज्या भडक ‘आफ्रिकी’ छापील कापडाचे पोशाख बिनडोक्याच्या पुतळ्यांना घालतात, ते कापड मुळात जावाच्या बाटिकची डच यंत्रांवर केलेली नक्कल. रंग अडवण्यासाठी यंत्रात वापरलेल्या राळेला तडे जात आणि रंगाच्या वेड्यावाकड्या रेघा उमटत. जावात ती खोट मानली गेली, पश्चिम आफ्रिकेत तीच आवडली आणि कापड तिथलंच झालं. शोनिबारे ते लंडनच्या बाजारातून विकत आणत. एका वाराच्या तुकड्यात तीन खंड.

तिसरी, जुनं कसब नव्या आकारात नेणं. इराणच्या मोनिर फरमानफरमायान शिराजच्या शाह चेराग दर्ग्यातलं आरसेकाम पाहून थक्क झाल्या आणि पुढे आरसेकाम करणाऱ्या उस्तादांबरोबर त्यांनी षटकोन-अष्टकोनांची भित्तिशिल्पं घडवली. आरशाच्या तुकड्यात पाहणारा स्वतः चिरून दिसतो, त्यामुळे पॅटर्न कधीच स्थिर राहत नाही.

चौथी, टाकाऊ वस्तू. घानाचे एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचं आणि त्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्या चपट्या करून तांब्याच्या तारेने जोडतात. लांबून भरजरी वस्त्र, जवळून कचरा. शिवाय ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चुण्या पाडून टांगता येतं, म्हणजे नियमाचा शेवटचा भाग टांगणाऱ्याच्या हातात.

११. गोधडी संग्रहालयात टांगली की ती कला होते का? वापरली तर नाही?

अलाबामातल्या गीज् बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्युस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली आणि २००७ मध्ये हक्क व पैशांवरून खटलेही उभे राहिले. चौकोनात चौकोन अशी एक ठरलेली मांडणी तिथे घरोघर आहे, पण कापड संपलं की पट्टी बदलते, रेषा तिरकी जाते, एखाद्या गुडघ्याची न विटलेली जागा गडद राहते.

या गोधड्या ऊब मिळावी म्हणून शिवल्या होत्या आणि तरी त्यांची मांडणी विचारपूर्वक होती. दोन्ही खरं आहे. टांगल्याने त्यात भर पडली नाही, फक्त ज्यांना दिसत नव्हतं त्यांना दिसलं. ‘पण हे अमक्या चित्रकारासारखं आहे’ हे कौतुक मला थोडं खटकतं. त्या चित्रकाराची ओळख नसताना शिवलं होतं ना?

१२. कारागीर मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणे, कारण परिपूर्ण फक्त देव. खरं का?

ही गोष्ट इराणी गालिच्यांबद्दल सांगतात, अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या गोधड्यांबद्दल सांगतात, आणखी कुठकुठे सांगतात. गोधड्यांचा इतिहास अभ्यासणारे तिला दंतकथाच मानतात. जरा विचार करा: लाखो गाठी हाताने मारणाऱ्याला चूक मुद्दाम कशाला घालावी लागेल? आणि मुद्दाम घातली, म्हणजे बाकी सगळं निर्दोष आहे असा दावाच झाला की. नम्रपणा कुठे राहिला?

काही गोष्टी चुकीसारख्या दिसतात, पण चूक नसतात. गालिच्याच्या एकाच रंगात मध्येच फिकट-गडद आडवा पट्टा येतो त्याला अब्रश म्हणतात. सूत वेगळ्या घाण्यात रंगवलं गेलं एवढंच त्याचं कारण, पण आता यंत्रावरही त्याची नक्कल करतात. अमेरिकेतल्या नाव्हाहो या आदिवासी समाजाच्या विणकामात चौफेर किनार असेल तर कधीकधी आतल्या रंगाची एक बारीक रेघ किनार ओलांडून कडेपर्यंत काढतात. ती खरोखर हेतुपूर्वक असते आणि तिचा अर्थ बाहेर पडायची वाट असा सांगतात. चूक नव्हे, दार.

१३. कॉम्प्युटर किंवा एआयने केलेला पॅटर्न अस्सल मानायचा का?

यंत्राचं वावडं असेल तर मागापासूनच सुरुवात करावी लागेल. जाकार्डचा माग १८०४ चा. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून ताण्याचे धागे उचलले जात, आणि चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी तेच पुठ्ठे उचलले. म्हणजे कॉम्प्युटर विणकामाच्या घरातून आला, उलट नाही. काश्मिरी गालिच्याचे विणकर तालीम वाचतात. ती रंग आणि गाठींच्या संख्येची सांकेतिक लिपी, म्हणजे प्रोग्रॅमच. अमेरिकी कलावंत सोल ल्युइट यांनी १९६८ पासून भिंतीवरची चित्रं लिखित सूचना म्हणून केली आणि ती इतरांनी काढली.

चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी १९६८ मध्ये कॉम्प्युटर हाती घेतला. चौकोनांच्या शिस्तबद्ध जाळ्यात त्या अगदी किंचित बेशिस्त मिसळत, शेकडा १ एवढीसुद्धा, आणि चित्र हलू लागे. किती मिसळायची, हे त्या ठरवत.

आता एआय. शब्द लिहून चित्र देणाऱ्या साधनांकडून मला आलेले बहुतेक नमुने पॅटर्नसारखे दिसतात, पण आत नियम नसतो. दोन फुलं सारखी वाटतात आणि मोजली तर एकाला पाच पाकळ्या, दुसऱ्याला सहा. सांधे जुळत नाहीत. कच्चा माल म्हणून वापरायला हरकत नाही. फक्त प्रश्न ६ मधली तीन बाय तीनची परीक्षा त्यालाही द्यायला लावा.

१४. कधीच रिपीट न होणारा पॅटर्न असू शकतो का? मग तो पॅटर्न कसला?

असू शकतो. प्रश्न ४ मधल्या १७ प्रकारांत पाच वेळा फिरणारी (एका फेरीत पाचदा स्वतःवर जुळणारी) सममिती बसत नाही, आणि नियमित पंचकोनांनी फरशी बिनफटीची भरत नाही. ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांनी १९७४ मध्ये त्या कोड्यातून वाट काढली: दोनच आकारांच्या फरश्या, ठरलेल्या नियमाने जोडल्या तर अनंतापर्यंत पसरतात, पण सगळं चित्र सरकवून स्वतःवर कधीच जुळत नाही. इराणमधल्या इस्फहानच्या दर्ब-इ-इमाम या १४५३ च्या वास्तूवरची नक्षी या रचनेच्या फार जवळ जाते, असं २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी दाखवलं.

मग प्रश्न उरला: एकाच आकाराने हे जमेल का? उत्तर २०२३ च्या मार्चमध्ये आलं. शोधणारे डेव्हिड स्मिथ इंग्लंडमधले निवृत्त छपाई तंत्रज्ञ, कागद कापून आकार जुळवायचा छंद असलेले. तेरा बाजूंच्या त्या आकाराला ‘हॅट’ म्हणतात. तीन संशोधकांनी त्यांच्याबरोबर सिद्धता पूर्ण केली. छपाईतल्या माणसाने हे शोधलं याचा मला उगाचच अभिमान आहे. तसंच मार्जोरी राइस या गृहिणीने १९७० च्या दशकात फरशी भरणाऱ्या पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले होते.

कारागिरांसाठी एक गोम. हॅटमध्ये काही फरश्या उलट्या, आरशातल्या लागतात. कागद उलटता येतो, एका बाजूला झिलई दिलेली फरशी उलटता येत नाही. तेव्हा दोन साचे करा, किंवा त्याच गटाने काही आठवड्यांत दिलेला ‘स्पेक्टर’ हा आकार घ्या. त्यात उलटवावं लागत नाही. आणि हो, हा पॅटर्नच. नियम आहे, वाट पाहणं आहे, फक्त फळ दरवेळी थोडं वेगळं.

१५. काही पट्ट्यांचे कपडे पाहिले की गरगरतं. मला काही झालंय का?

बहुधा नाही. ठरावीक जाडीचे, गडद-फिके, दाट पट्टे बऱ्याच जणांच्या डोळ्यांना त्रास देतात. काहींचं डोकं दुखतं आणि प्रकाशसंवेदी अपस्मार (प्रकाशाने किंवा अशा दृश्यांनी येणारी फिट) असलेल्यांना झटकाही येऊ शकतो. तसं असेल तर डॉक्टरांशी बोला. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांची १९६० च्या दशकातली काळी-पांढरी चित्रं याच उंबरठ्यावर खेळतात. तुम्ही करणारे असाल तर पूर्ण भिंतीवर किंवा पडद्यावर असे पट्टे लावण्याआधी विचार करा. रुमालावर चालतं ते खोलीभर चालत नाही.

१६. पारंपरिक नक्षी मी वापरली तर ती चोरी ठरते का? माझी कुणी वापरली तर?

कायदा देशागणिक वेगळा. ढोबळमानाने शेकडो वर्षं वापरातल्या नक्षीवर कुणा एकाचा मालकी हक्क नसतो, पण तुम्ही तिची केलेली नवी मांडणी तुमची असू शकते. भौगोलिक मानांकन बहुतेक वेळा नावाचं रक्षण करतं, आकृतीचं नाही. २०१२ मध्ये नाव्हाहो राष्ट्राने एका अमेरिकी कपडे कंपनीवर खटला भरला तोही ‘नाव्हाहो’ हे नाव वापरल्याबद्दल. तो २०१६ मध्ये तडजोडीने मिटला.

स्वतःच्या नक्षीसाठी सगळ्यात फसवी अट भारतातली. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि ती वस्तूवर औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा उमटवली, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. म्हणून बाजारात आणण्याआधी नोंदणीचा विचार करा. अमेरिकेत चित्र वेगळं. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिअरलीडिंगच्या गणवेशावरच्या पट्ट्या आणि झिगझॅगही कॉपीराइटला पात्र ठरू शकतात असं म्हटलं. मोठ्या ऑर्डरआधी वकिलाला विचारा. मी वकील नाही.

कायद्यापलीकडचं: काही नक्ष्या धार्मिक विधींच्या किंवा एखाद्या कुळाच्या असतात. त्या उशीच्या अभ्र्यावर घालायच्या का, हे त्या समाजातल्या माणसाला विचारा. आणि कारागिराकडून शिकून काम विकत असाल तर त्याचं नाव लिहा.

१७. पॅटर्न अनंत असतो, कापड किंवा भिंत नाही. मग तो कुठे कापायचा?

तीन पर्याय आहेत. मोटिफ पूर्ण ठेवून किनार द्या, म्हणजे हे एवढंच आहे असं वाटतं. मोटिफ मध्येच कापा, म्हणजे पाहणारा तो कडेपलीकडे स्वतः चालू ठेवतो. किंवा कडेकडे जाता जाता विरळ करत न्या. भिंतीवर बहुधा दुसरा चालतो, पण अर्ध्यावर नक्की कापू नका. नेमका अर्धा मोटिफ अपघातासारखा दिसतो, एकतृतीयांश निर्णयासारखा. सुरुवात भिंतीच्या मध्यावरून करा, म्हणजे दोन्ही टोकांना सारखा तुकडा उरेल. आणि तो तुकडा बोटभर रुंदीचा होत असेल तर मध्य मोटिफवर न धरता दोन मोटिफांच्या मधल्या जागेवर धरा. खोलीचे कोपरे काटकोनात असतीलच असं समजू नका. उभी रेषा ओळंब्याने आखा, भिंतीच्या कडेने नाही. कोपऱ्यात वळण येत असेल तर प्रश्न ८.